उटण्याचा साबण, घरच्या घरी

दिवाळीच्या सुट्टीत सगळी भावंडं एकत्र जमली की एका दुपारी करण्याजोगा उद्योग, आणि त्या निमित्ताने आजीकडून लिहून घ्यायची एक गोष्ट

नरक चतुर्दशीच्या पहाटे मराठी घरात काय काय लागतं, ते इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, फारसं बदललेलं नाही. कोमट तेल, वाटीत कालवलेलं उटणं, ओवाळायला निरांजन, अंगठ्याने फोडायला मिळालं तर कारीट आणि त्या दिवसासाठी म्हणून आणलेला कोरा सुगंधी साबण. गोव्यात रात्रभर नरकासुर मिरवून पहाटे त्याचं दहन होतं आणि मग आंघोळी होतात. इकडे माळव्यात तोवर पहाटेचा गारवा सुरू झालेला असतो, म्हणून तेल जरा जास्तच चोळून घेतलं जातं.

या यादीतलं उटणं मात्र हळूहळू मागे पडत चाललंय. कारणं साधी आहेत. फ्लॅटच्या बाथरूमची फरशी पिवळी होते, जाळीत पीठ अडकतं, मुलांना ते अंगाला खरखरीत लागतं आणि नोकरीच्या गावी एकट्यासाठी कोण कालवणार! मग चिमूटभर हाताला लावून शास्त्र केलं जातं आणि बाकीचं पाकीट पुढच्या दिवाळीपर्यंत फडताळात पडून राहतं. साबणाला मात्र कुणाचीच ना नसते. तर मग उटणंच साबणात घातलं तर? तयार सोप बेस वितळवून, त्यात हवं ते मिसळून साच्यात ओतायचा हा प्रकार आता छंद म्हणून बराच रुळलाय. दहा-बारा वर्षांच्या मुलांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना जमतो आणि एका दुपारी होतो.

‘मेल्ट अँड पोअर’ म्हणजे नेमकं काय?

तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. कुठलाही साबण घ्या, मुळाशी हीच क्रिया असते. कॉस्टिक सोडा कातडीला आणि डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो. त्याचं पाणी चुकून प्यायलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पहिल्यापासून साबण करणं हे लहान मुलं वावरतात त्या स्वयंपाकघराचं काम नाही.

सोप बेसमध्ये ही क्रिया कारखान्यात आधीच पूर्ण झालेली असते. त्यात ग्लिसरीन, सॉर्बिटॉल, प्रॉपिलीन ग्लायकॉल असे पदार्थ असल्यामुळे तो गरम केला की वितळतो आणि गार झाला की पुन्हा घट्ट होतो. नेहमीची साबणवडी पातेल्यात घालून बघा, ती अशी सुरेख वितळत नाही, नुसता लगदा होतो.

पारदर्शक साबण काही आजचा नाही. लंडनमध्ये अँड्र्यू पिअर्स यांनी तो १८०७ मध्ये बाजारात आणला आणि त्यांचं नाव अजूनही आपल्या न्हाणीघरात आहे. साबणाला आपल्या मातीचा वास देण्याची कल्पनाही जुनीच. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातलं चंदन युरोपात जाईना, तेव्हा संस्थानाने १९१६ मध्ये बंगळुरूला सरकारी साबण कारखाना काढला. त्यातून पुढे मैसूर सँडल साबण आला. आपण करणार आहोत तेही त्याच जातीचं काम, फक्त एका पातेल्यापुरतं.

एक गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगायला हवी. हा साबण ‘केमिकल-फ्री’ नसतो. कुठलाच साबण नसतो, कारण साबण हे स्वतःच एक रसायन आहे. बाजारातल्या साध्या वडीपेक्षा तो स्वस्तही पडत नाही. त्याची गंमत वेगळी आहे. आत काय गेलं ते तुम्हाला माहीत असतं, वास तुमच्या घरचा असतो आणि तो करताना चार हात लागलेले असतात.

साहित्य

खालचं प्रमाण साधारण १०० ग्रॅमच्या पाच वड्यांचं आहे.

• पांढरा किंवा पारदर्शक सोप बेस – ५०० ग्रॅम
• वस्त्रगाळ उटणं – २ चहाचे चमचे
• ग्लिसरीन – १ मोठा चमचा (औषधांच्या दुकानात मिळतं)
• साबणासाठी चालणारं सुगंधी तेल – ५ ग्रॅम, म्हणजे बेसच्या १ टक्का
• सर्जिकल स्पिरिट – लहान फवाऱ्याच्या बाटलीत थोडंसं
• सिलिकॉनचे साचे, स्टीलची दोन पातेली, एक लांब चमचा, सुरी
• वजनकाटा आणि असला तर थर्मामीटर
• गुंडाळायला क्लिंग फिल्म

सोप बेस ऑनलाइन मिळतो. मोठ्या शहरांत मेणबत्ती आणि हस्तकलेचं सामान विकणाऱ्या दुकानांतही मिळतो. शिया बटर, बकरीचं दूध, कोरफड असे अनेक प्रकार दिसतील. उटण्याला पांढरा बेस बरा, कारण पारदर्शक बेसमध्ये उटण्याची पूड गढूळ पाण्यासारखी दिसते. पारदर्शक बेस रंगांच्या खेळासाठी ठेवा.

साचा नसेल तर अडू नका. कागदी पेले, दह्याचे प्लॅस्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या सगळं चालतं. वाटीला आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवा. तांब्या-पितळेची भांडी मात्र वापरू नका, साबणाने ती हिरवट पडतात. आणि एकदा साबणाला वापरलेला साचा पुन्हा खाण्याच्या पदार्थांकडे न्यायचा नाही. त्यावर कायमच्या शाईने ‘साबण’ लिहून टाका.

आधी उटणं

पाकिटातलं उटणं चालेल, पण घरी केलं तर उत्तम. इंदूरकरांना सियागंज जवळच आहे. बाकी गावांतही पूजा-साहित्याच्या किंवा काष्ठौषधींच्या दुकानात हे सगळं मिळतं: नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, चंदन पावडर, सुकलेली गुलाबपाकळी, वाळवलेली संत्र्याची साल, मुलतानी माती. कुणाकडे मसुराचं पीठ, कुणाकडे चणाडाळीचं. अंगाला लावायच्या उटण्यात पीठ हवंच, पण साबणात पीठ नको. ओल राहिली की त्याला बुरशी लागू शकते. साबणासाठी फक्त सुगंधी वनस्पती आणि माती घ्या.

काही जुन्या यादींत बावची असते, ती गाळा. बावचीतल्या सोरालेन या द्रव्यामुळे उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

सगळं मिक्सरमधून काढून मलमलच्या कापडातून वस्त्रगाळ करा. चाळणीतून चाळलेलं पुरत नाही. वाळ्याचे आणि नागरमोथ्याचे बारीक तंतू अंगाला टोचतात.

आता ती लिहून घ्यायची गोष्ट. उटण्याचं प्रमाण प्रत्येक घराचं वेगळं असतं आणि बहुतेक घरांत ते कुठेही लिहिलेलं नसतं. आजीला विचारलं तर उत्तर येतं, ‘अंदाजानं घालते गं.’ तो अंदाज तिच्या मुठीत असतो आणि तिच्याबरोबरच जातो. म्हणून तिला जिन्नस मुठीने काढायला सांगा आणि प्रत्येक मूठ काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये लिहा. नावंही ती म्हणते तशीच लिहा. ग्वाल्हेरच्या घरात एखाद्या मुळीला जे म्हणतात ते बेळगावात म्हणत नसतील. साबण फसला तर पुन्हा वितळवता येतो. ही यादी हरवली तर ती परत मिळवायला कुणी उरत नाही.

कृती

१. बेसचे सुरीने साधारण एक इंचाचे तुकडे करा. एकसारखे तुकडे एकसारखे वितळतात.

२. मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवा आणि त्यात छोटं पातेलं ठेवून तुकडे घाला. आच मंद. मायक्रोवेव्ह असेल तर ३० सेकंद, मग ढवळून पुन्हा १०-१० सेकंद. बेस उकळता कामा नये. ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तो वितळतो, ७०च्या वर नेऊ नका. जास्त तापला की त्यातलं पाणी उडतं, रंग पिवळट होतो आणि वडी चिवट होते.

३. तोवर एका वाटीत उटणं ग्लिसरीनमध्ये कालवून घ्या. कोरडी पूड थेट बेसमध्ये टाकली तर गुठळ्या होतात, पिठलं करताना होतात तशाच.

४. बेस पूर्ण वितळला की पातेलं खाली उतरवा. कालवलेलं उटणं घाला आणि हळूहळू ढवळा. घुसळू नका, फेस होतो.

५. सुगंधी तेल सगळ्यात शेवटी, आच बंद झाल्यावर. गरम बेसमध्ये घातलं तर निम्मा वास वाफेबरोबर जातो.

६. आता थोडं थांबा. इथे सगळ्यांनाच घाई होते. बेस फार पातळ असताना ओतला तर उटणं तळाशी बसतं आणि वडीचे दोन रंग होतात. ढवळत राहा. मिश्रण जरा दाटसर झालं, पातेल्याच्या कडेला पातळ साय धरू लागली की मग साच्यात ओता.

७. वर आलेल्या बुडबुड्यांवर स्पिरिटचा एक फवारा मारा, ते लगेच फुटतात. स्पिरिट पेट घेतं. म्हणून गॅस बंद झालेला असला पाहिजे आणि हे काम गॅसच्या ओट्यापासून दूर, जेवणाच्या टेबलावर करायचं. शेजारी पणतीही नको.

८. तीन-चार तास खोलीतच राहू द्या. फ्रिजमध्ये ठेवून घाई केली तर वडी बाहेर काढल्यावर तिला पाणी सुटतं. घट्ट झाली की साच्याच्या कडा सैल करून मागून अंगठ्याने ढकला.

९. लगेच क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळा. हा साबण वाळवत ठेवायची गरज नाही, दुसऱ्या दिवशीपासून वापरता येतो.

दोन रंगांचे थर करायचे असतील तर पहिल्या थरावर साय धरली पण तो अजून कोमट आहे अशा वेळी त्यावर स्पिरिट मारा आणि मग दुसरा थर ओता. पहिला अगदी गार झाला तर थर चिकटत नाहीत आणि आंघोळीच्या वेळी वडीचे दोन तुकडे हातात येतात.

हळदीचा रंग का बदलतो?

उटण्यात आंबेहळद असली, किंवा मुद्दाम चिमूटभर साधी हळद घातली, तर पिवळाधमक साबण होईल असं वाटतं. पण रंग येतो केशरी-तांबूस. हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं आणि अल्कलीत लालसर होतं. साबण अल्कधर्मी असतो, म्हणून हा बदल. शर्टावर पडलेला वरणाचा डाग साबण लावताच लाल का होतो याचं उत्तरही हेच. हळदीत चुना कालवला की ती लालभडक होते, तेही यामुळेच.

मुलांना हा प्रयोग वेगळा करून दाखवा. एका पेल्यात हळदीचं पाणी, त्यात साबणाचं पाणी घातलं की लाल. त्यावर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. शाळेच्या पुस्तकातला लिटमस कागद कुणी पाहिलेला नसतो, हळद मात्र प्रत्येक घरात असते.

हमखास बिघडणाऱ्या गोष्टी

वडीला घाम येतो. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे पावसाळ्यात किंवा गोवा-कोकणाच्या दमट हवेत वडीवर दवासारखे थेंब जमतात. साबण खराब झालेला नसतो. पुसून घट्ट गुंडाळून ठेवा आणि वापरताना जाळीच्या साबणदाणीत ठेवा. पाण्यात पडून राहिली तर ही वडी बाजारच्या साबणापेक्षा लवकर विरघळते.

ताजे पदार्थ नासतात. दूध, ताजी साय, फळांचा गर, तुळशीची ओली पानं, किसलेली काकडी यांतलं काहीही घालू नका. व्हिडिओत छान दिसतं, पण आठवड्याभरात वास येऊ लागतो. दुधाचा साबण हवा असेल तर बकरीच्या दुधाचा तयार बेस घ्या.

गुलाबाच्या पाकळ्या काळ्या पडतात. साबणात बुडवलेली पाकळी काही दिवसांत तपकिरी होते. पाकळ्यांची पूड करून घाला, किंवा त्या फक्त वेष्टनावर लावा.

खाण्याचा रंग पसरतो. केकमध्ये घालायचा रंग एका थरातून दुसऱ्यात झिरपतो आणि फिकाही होतो. साबणासाठीची मायका पूड घ्या, ती जागच्या जागी राहते.

मुलांबरोबर करताना

वितळलेला बेस चिकट असतो. पाणी सांडलं तर ओघळून जातं, हा कातडीला चिकटून भाजत राहतो. म्हणून ओतायचं काम मोठ्यांचं. कापणं, कालवणं, मोजणं, साचा निवडणं आणि गुंडाळणं मुलांचं. चुकून अंगावर पडलाच तर लगेच गार वाहत्या पाण्याखाली धरा आणि निदान दहा मिनिटं तसंच राहू द्या. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

सुगंधी तेल ‘नैसर्गिक’ आहे म्हणून हात सैल सोडू नका. दालचिनी आणि लवंगेचं तेल कातडीला फार झोंबतं. लहान मुलांच्या साबणात कापूर आणि निलगिरी घालू नका. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बिनवासाची वडीच चांगली, आणि तान्ह्या बाळासाठी हा साबण नकोच. कुणाला इसब असेल, अंगावर पित्त उठत असेल, तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा फेस लावून धुऊन एक दिवस वाट पाहा.

आकारांबद्दल दोन गोष्टी, आणि दोन्ही आपल्याच घरांतल्या. मोदकाचा, बर्फीचा, लाडवाचा साबण फार देखणा होतो. पण दिवाळीत तो फराळाच्या ताटाशेजारी, मिठाईच्या डब्यासारख्या खोक्यात दिसला तर दोन-तीन वर्षांचं पोर तो तोंडात घालणारच. कमी दिसणाऱ्या आजोबांचीही तीच गत. सुगंधी तेलाचा साबण पोटात जाणं चांगलं नाही. त्यामुळे खाण्याचे आकार टाळावेत, निदान लहान मुलं असलेल्या घरी देऊ नयेत. दुसरं म्हणजे गणपती, लक्ष्मी, ॐ, स्वस्तिक यांचे साचे सर्रास मिळतात. तो साबण अंगाला घासून झिजवायचा आहे आणि शेवटी मोरीत जाणार आहे, एवढं लक्षात घेतलं की निर्णय आपोआप होतो. कमळ, पान, शंख, कोयरी आहेतच की. आणि साधी गोल वडी तर दिवाळीला सगळ्यात शोभते. टाटा ऑईल मिल्सच्या ‘मोती’ने ती गोलाई आपल्या डोळ्यांत बसवूनच ठेवली आहे.

विकायचा विचार असेल तर

पहिली खेप जमली की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘अगं, स्टॉल लाव ना!’ उत्साह चांगला आहे, पण आंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येतो. विक्रीसाठी तो बनवायचा तर राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. सध्या त्यासाठी २०२०चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. भेट देणं आणि विकणं यात हा फरक आहे. मंडळाच्या आनंदमेळ्यात टेबल मांडायचं असेल तर साबण विकण्याऐवजी साबण करायला शिकवणं हा सोपा मार्ग. साहित्याचा खर्च वाटून घ्या, ज्याची वडी त्याने घरी न्यावी.

भेट देताना मात्र चिठ्ठी जोडाच. त्यावर बेसचं नाव, त्यात घातलेला प्रत्येक जिन्नस आणि केल्याची तारीख. ‘मुरुमं जातील’, ‘रंग उजळेल’ असलं काही लिहू नका. साबण मळ काढतो, एवढंच त्याचं काम. ज्याला चंदनाची किंवा एखाद्या सुगंधाची अॅलर्जी आहे त्याला ती चिठ्ठी खरंच उपयोगी पडते.

जमलं तर मुलांना घरातल्या साबणांची वेष्टनं वाचायला द्या. काहींवर ‘टॉयलेट सोप’ असतं, काहींवर ‘बाथिंग बार’. टीएफएम म्हणजे एकूण स्निग्धांश. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या टॉयलेट सोपमध्ये तो किमान ७६ टक्के असावा लागतो. ग्लिसरीनच्या पारदर्शक साबणात तो कमी असतो, कारण बरीच जागा ग्लिसरीन आणि तत्सम पदार्थांनी घेतलेली असते. म्हणून त्यांची तुलना या एकाच आकड्यावर करायची नाही. जाहिरातीतला शब्द आणि वेष्टनावरचा शब्द यांतलं अंतर मुलांना एकदा दिसलं की पुढे शांपूपासून बिस्किटापर्यंत सगळंच ती वाचायला लागतात.

एका दुपारचं वेळापत्रक

वसुबारसेच्या आधीचा रविवार धरा. सकाळी आजीबरोबर उटण्याचं वजन आणि यादी. दुपारी जेवणं आटोपल्यावर वितळवणं आणि ओतणं, दीड तासाचं काम. संध्याकाळच्या चहापर्यंत वड्या साच्यातून बाहेर, मग गुंडाळणं आणि चिठ्ठ्या. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला उटण्याचं प्रमाण, आजीचं आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव लिहा. पुण्या-बंगळुरूला किंवा त्याहून लांब असलेल्या भावाबहिणींना एकेक वडी कुरियरने धाडा. त्यांच्याकडे पहाटे उठवायला कुणी नसेल, बंबही नसेल, पण पाण्याबरोबर घरचा वास तरी येईल. आणि साबण संपला तरी चिठ्ठी उरेल, ती जपून ठेवायला सांगा.